संपतरावांच्या साक्षीतली तलवार

"तलवार?" मी हेडफोन काढला. "संपतराव, थांबा जरा. तलवार म्हणालात?"

"व्हय की म्याडम. कमरंलाच असायची."

चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये शूटिंग चाललं होतं. संपतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते. कॉलरला मी लेपल माईक लावला होता. लेपल म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा माईक, बोलणाऱ्याच्या छातीशीच असतो, त्यामुळे कुजबुजसुद्धा स्वच्छ ऐकू येते. त्यांची बायको शालनवहिनी माझ्या मागे बाकावर मांडीवर डबा घेऊन बसली होती. तलवारीचं ऐकलं आणि ती उठली, पाणी भरून आणते म्हणाली आणि बाहेर गेली. भरलेली बाटली डब्याशेजारी तशीच होती.

मी व्हिडिओ एडिटर आहे. कोल्हापुरात लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग, निरोप समारंभ, जे येईल ते करते. कॅमेराही मीच धरते. चर्चचं काम मात्र घरचं म्हणून करते, कारण मी त्याच चर्चची.

आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा असते. शेतातलं नवं भात, ऊस, भोपळे, अंडी, जे ज्याच्या घरचं असेल ते लोक समोर आणून ठेवतात. गाणी होतात आणि साक्षी होतात. साक्ष म्हणजे उभं राहून सांगायचं, तारणाआधी, म्हणजे प्रभूकडे वळण्याआधी, मी कसा होतो, प्रभूनं मला कुठून उचललं आणि आज मी कसा आहे. पहिला भाग सुरू झाला की लहान पोरंसुद्धा गप्प बसतात. तिसऱ्या भागात लोक चपला शोधायला लागतात. हे सांगणाऱ्यालाही दिसतंच. मग पहिला भाग दर वर्षी थोडा फुगतो.

संपतरावांची साक्ष मी आधीही रेकॉर्ड केली होती. सुरुवातीला त्यांच्या हातात काठी असायची. पुढे कोयता आला. आधी त्यांना त्यांची गल्ली घाबरायची, मग बाजारपेठ घाबरायला लागली आणि आता आख्खं पेठ वडगाव. या चालीनं पुढच्या खेपेला तोफ आली असती.

माणूस लबाड नव्हता, हे आधी सांगते. फौंड्रीला वाळू पुरवणाऱ्या टेम्पोवर ते ड्रायव्हर. एके काळी बेदम प्यायचे. एका वयस्कर ड्रायव्हरनं त्यांना प्रार्थनेला आणलं, तिथे ते हमसून रडले आणि दारू सुटली. हे खरंच घडलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यांना वाटायचं की पाप जितकं मोठं सांगावं तितकी कृपा मोठी दिसते. प्रभूची शोभा वाढवण्यासाठीच ते तलवार उपसत होते.

यंदा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांनी, ठरवलं होतं की साक्ष पडद्यावर दाखवायची. छोटी फिल्म. माझ्यावर काम आलं. मी रफ कट केला. रफ कट म्हणजे कच्ची जुळणी, शर्टाला बाह्या लावायच्या आधी टाचून बघतात तसं. तलवारीपाशी मी मागे हळू संगीतही घातलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं ते.

शुक्रवारी दुपारी शालनवहिनी एकटीच स्टुडिओत आली. पेठ वडगावहून एसटीनं आली होती, हातात ब्लाउजपीसची पिशवी.

"अस्तर घ्यायला आलतो," ती म्हणाली. "म्हटलं जाता जाता बघावं. ती फिल्म दावा की."

मी दाखवली. ती खुर्चीच्या टोकावर बसून बघत होती. संपली तशी म्हणाली, "ताई, ह्यात मी कुठं हाय?"

"म्हणजे?"

"ह्यांचं आदीचं आयुष्य म्हंता न्हवं? मग त्यात मी न्हवतो काय?"

मी सरळच विचारलं, "तलवार होती का हो?"

ती हसली. "कसली तलवार! कोयतासुदिक न्हवता. आन गाव कशाला भ्यायचं ह्यांस्नी? गावात मान खाली घालून चालायचे. भ्यायचो ते मी आणि माझी पोर. कडी वाजली की पोरगी मशीनच्या मागं जाऊन बसायची."

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. हाताचं मशीन हुतं माझं, आईनं दिल्यालं. लगीनसराईत ब्लाउज शिवत हुतो. हे पिऊन आले. दारात गिऱ्हाईक बाई उभी, म्हणून मी म्हटलं, जरा हळू बोला. तर मशीन उचललं आणि वट्यावरनं खाली आपटलं. ब्लाउजं चिखलात. ती बाई तशीच उभी." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मी पोरीला घेतलं आणि राधानगरीला आईकडं गेलो. लई म्हयनं ऱ्हायलो. मग ह्यांची दारू सुटली, आणि आले न्यायला. काय म्हणाले, ठावं हाय? चल म्हणाले. तेवढंच. मी आलो."

"आणि मशीनचं?"

"त्येचं नावच न्हाय. घरात न्हाय, साक्षीत न्हाय. हत्यार मात्र दर साली लांब व्हायलीय."

मग तिनं पिशवी आवरली आणि शांतपणे सांगितलं, "तुमी लावा फिल्म. तुमचं काम हाय. पण तलवारीची फिल्म लागणार असंल तर रविवारी मी न्हाय येणार. आणि पुन्यांदा बी न्हाय येणार."

शालनवहिनी म्हणजे आमच्या चर्चच्या गाण्यातला पहिला आवाज. ताप असतानाही ती सभा चुकवत नसे. ती धमकी देत नव्हती. एसटीची वेळ झाली म्हणून निघावं तसं म्हणाली आणि गेली.

मी पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, तलवार काढावी लागतेय."

"अहो सिस्टर, तलवारीलाच तर लोक ऐकतात."

"तलवार नव्हतीच."

"थोडंफार पुढंमागं होतं बोलताना. भावना खरी आहे ना?"

"भावना खरी आहे. तलवार खोटी आहे. खोट्या साक्षीवर तुम्हीच मागच्या महिन्यात तासभर प्रवचन केलंत."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. आमचे पाळकसाहेब बोलायला सावकाश असले तरी माणूस सरळ आहे.

"रविवार परवा आहे," शेवटी ते म्हणाले. "जमेल?"

"उद्या पुन्हा शूट करते. त्यांच्या घरी."

घरी जायचं मी मुद्दाम ठरवलं. हॉलमध्ये माणूस भाषण करतो. घरात त्याला खुर्ची, भिंत, भांड्यांचा आवाज, सगळंच ओळखीचं असतं, तिथं त्याला फार फुगता येत नाही.

संपतराव वैतागले होते. "म्याडम, चांगली झालती की! काय खोट निघाली?"

"तलवार काढायचीय."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. वहिनी दारात उभी होती. त्यांना कळलं.

"मग काय सांगू?"

"जे होतं ते. मशीनचं सांगा."

त्यांचा चेहराच उतरला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला. "ते घरातलं हाय, म्याडम. गुंड हुतो म्हटलं की लोकं टाळ्या वाजवत्यात. बायकूचं मशीन फोडलं म्हटल्यावर कोण माझ्या तोंडाकडं बघंल?"

त्यांची अडचण अगदी खरी होती. गुंडगिरीत थोडा रुबाब असतो. दारात गिऱ्हाईक उभं असताना बायकोचं मशीन फोडण्यात कसलाही रुबाब नाही. सांगितलं तर चारचौघांत मान जाणार, नाही सांगितलं तर वहिनी जाणार. हे एडिटरच्या हातातलं काम नव्हे.

मी वहिनीला विचारलं, "हे तुमचंही आहे. पडद्यावर गेलं तर चालेल तुम्हाला? मुलीला?"

"पोरीला फोन केलता. म्हणाली, आई, एकदाचं सांगू दे."

मी संपतरावांना खुर्चीत बसवलं आणि वहिनीला त्यांच्या शेजारी. माईक लावला. "लेन्सकडे बघून बोला," मी नेहमीसारखं सांगितलं. सगळ्यांना तेच सांगते. लेन्समध्ये बघून बोललं की पडद्यासमोरच्या प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याशी बोलतोय.

"तारणाआदी मी लई मोठा..." संपतराव बोलू लागले आणि अडले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडले. मी कॅमेरा चालूच ठेवला.

मग एकदम सुटले. मशीन सांगितलं. चिखलातले ब्लाउज सांगितले, त्यातला एक मोरपंखी होता हेही सांगितलं. मी वहिनीकडे बघितलं, तिनं हे मला सांगितलं नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं तो रंगसुद्धा त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. पोरगी पायाला मिठी मारून बसली होती, तिला झिडकारलं, ते सांगितलं. हातात काठी नव्हती की कोयता नव्हता. ऐकताना मला तलवारीपेक्षा जास्त भीती वाटली.

"असा हुतो मी," लेन्सकडे बघत ते म्हणाले. "तसल्या माणसाला प्रभूनं माफ केलं. माजी लायकी न्हवती. आणि मंडळी, आज मी माज्या बायकूची बी माफी मागतो, की..."

"अवो," शालनवहिनी म्हणाली. "त्या कॅमेऱ्याला काय सांगतासा? मी हितं बसलोय न्हवं."

संपतराव वळले. खुर्ची कर्रकन वाजली. आता माझ्या फ्रेममध्ये त्यांचा उजवा कान, मान आणि पिकलेले केस तेवढे राहिले. त्यांच्या पलीकडे वहिनीचा चेहरा. फ्रेमच्या हिशेबानं पार बिघडलेला शॉट. हात पुढे करून कॅमेरा सरकवावा असं वाटलं, पण तो मी होता तसाच राहू दिला.

मग लेपलमध्ये ऐकू आलं, अगदी बारीक. "शालन, चुकलं माजं. माफ कर मला."

"माफ तर कवाच केलंय," ती म्हणाली. "माफ केल्याबिगार राधानगरीसनं आलो व्हय मी? तुमी कवा इचारलंच न्हाईसा."

संपतराव रडले. प्रार्थनेच्या पहिल्या दिवशी रडले होते तसे हमसून नाही. गुडघ्यावर हात ठेवून नुसतेच बसले होते आणि पाणी गळत होतं. मीही रडले, हे सांगायला लाजत नाही. मी जन्मापासून ख्रिस्ती, आजोबांपासूनचं घर. कृपा हा शब्द मी अन्नपाण्यासारखा रोज ऐकलेला. न मागता, आधीच दिलेली, लायकी नसताना मिळालेली, असं पाठ आहे मला. पण ती कुणाच्या घरात अशी कित्येक वर्षं भाकऱ्या थापत, ब्लाउज शिवत वावरत असेल आणि ज्याला मिळाली त्याला पत्ता नसेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डोळे पुसून संपतराव म्हणाले, "प्रभूचं उपकार दर साली सांगत फिरलो, म्याडम. त्यानं हिच्या हातनं दिल्यालं मला दिसलंच न्हाय."

हे मी फिल्ममध्ये ठेवलं. संगीत काढून टाकलं.

रविवारी सभेत शालनवहिनी गाण्याच्या बायकांत पहिल्या रांगेत होती. फिल्म लागली. पडद्यावर मोठा थोरला कान आला तसे मागची दोन पोरं फिसकन हसली, मग तीही गप्प झाली. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. संपतराव खाली मान घालून बसले होते, त्यांना वाटलं आता आपल्या तोंडाकडे कुणी बघणार नाही. सभा सुटली आणि त्यांच्याकडे फारसं कुणी आलंही नाही. बायका मात्र शालनवहिनीभोवती गोळा झाल्या. भोपळे आणि उसाच्या मोळ्यांशेजारी त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या, आणि त्यांचे नवरे बाहेर गाड्या चालू करून वाट बघत होते.

पाळकसाहेब माझ्यापाशी आले. "सिस्टर, छान झाली. पण शेवटी संपतरावांचा चेहराच दिसत नाही हो. फार कान आला."

"वहिनीचा चेहरा दिसतो ना, साहेब?"

"तो दिसतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तो चांगला दिसतो."

त्यानंतर माझी कामाची एक पद्धत बदलली. साक्ष असो की निरोपाचं भाषण, रेकॉर्ड करायला कुणी आलं की लेन्सकडे बघा असं मी सांगत नाही. आधी विचारते, हे कुणाला सांगायचंय? आणि त्या माणसाला घेऊन या म्हणते, कॅमेऱ्याशेजारी बसवू. निम्मे लोक परत येतच नाहीत. काही जण फोन करून कळवतात की आता शूटिंगची गरज राहिली नाही. धंद्याला हे परवडत नाही, तरी विचारायचं मी सोडलेलं नाही.