परीक्षकांच्या घरच्यांना प्रवेश नाही

परीक्षकाच्या खुर्चीत बसून माणूस शहाणा होतो असं नाही, पण किस्से मात्र भरपूर साठतात. नाशकात आमच्या भागातलं मंडळ दर डिसेंबरात तरुणांची कलागुण आणि मॉडेलिंग स्पर्धा घ्यायचं. साल पंच्याण्णवला त्यांनी मला परीक्षक केलं, अर्थात फुकटात! माझा फोटो स्टुडिओ, म्हणजे मला चेहऱ्यांतलं कळतं, असा त्यांचा समज. पुढे अकरा वर्षं मी ती खुर्ची सोडली नाही.

*

पहिल्या वर्षी रॅम्प कसा करतात हेच कोणाला माहीत नव्हतं. पिंपळगावहून द्राक्षांचे रिकामे क्रेट आणले, वर फळ्या, त्यावर लग्नातलं लाल कार्पेट. पहिल्याच मुलीची हील फटीत अडकली. तिने दोन्ही सँडल काढून हातात घेतले आणि ऐटीत चालत गेली. मागच्या मुलींना वाटलं, हीच स्टाईल. सगळ्या सँडल हातात घेऊन आल्या!

*

दुसऱ्या परीक्षक पाठकबाई. त्यांचा शिवणक्लास होता. मार्क चालण्याला द्यायचे, पण बाईंची नजर साडीच्या काठावर. "चाल झकास आहे हो, पण फॉल उलटा लावलाय," म्हणाल्या आणि दोन मार्क कापले.

*

प्रश्नोत्तरांच्या फेरीत कळवणच्या एका मुलीला मी विचारलं, जगातली एक गोष्ट बदलायची तर काय बदलशील?

"सर, यष्टीचा टाइम. साडेपाचची गेली तर लय पंचाईत व्हती."

तेव्हापासून बाहेरगावच्या मुलांना आधी नंबर द्यायची पद्धत पडली.

*

दुसऱ्या वर्षी मंडळातल्या कोणाच्या तरी भाचीला बक्षीस मिळालं आणि कुजबुज झाली. मग मीच नियम लिहून दिला: परीक्षकांच्या घरच्यांना प्रवेश नाही. माझी मंजू तेव्हा आठवीत. ती पडद्यामागे मुलींना नंबरांचे बिल्ले लावायची आणि शेवटी मार्कांची बेरीज करायची. दरवर्षी विचारायची, "बाबा, यंदा दुसरं कोणी परीक्षक नाही का मिळणार?" मला वाटायचं, पोरीला माझ्या कंबरदुखीची काळजी.

आता ती नागपूरला असते. तो हॉल, ती धांदल, पडद्याआडून डोकावणारी मंजू आठवली की जीव तुटतो. एकदा तरी खुर्ची सोडायला हवी होती.

*

स्पर्धेला वयाची अट बावीसपर्यंतची. अकराव्या वर्षी मंजूला बावीस पूर्ण होत आली होती. त्या दिवशी नऊ नंबरची मुलगी आलीच नाही. माइकवरून दोनदा पुकारा झाला. तिसऱ्यांदा पडदा हलला आणि नऊचा बिल्ला लावून मंजू बाहेर आली. अंगावर कॉलेजचाच पंजाबी ड्रेस. टोकापर्यंत चालत आली, थांबली, माझ्याकडे बघून हसली. हॉलभर टाळ्या. पाठकबाईंनी काठाकडे न बघता दहापैकी साडेनऊ दिले.

नियम माझाच होता. मी नऊपुढे लिहिलं, 'गैरहजर'.

कागद नेहमीप्रमाणे बेरजेला मंजूकडे गेले. थोड्या वेळाने ती पक्की यादी घेऊन आली. नऊ नंबरपुढे दोघांच्याही रकान्यात तिने माझाच शब्द लिहिला होता.

"सही करा, बाबा," म्हणाली. "बेरीज मी दोनदा तपासलीये."