‘दॅन’नंतरची मुलगी

“वर नको येऊस. तिथंच, खालच्या पायरीवर थांब.”

थांबले. बाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेल्या. त्यांचा मंदार व्हरांड्याच्या कडेला उभा. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं पेन्सिल केली.

“म्हण. मंदार इज टॉलर दॅन धिस गर्ल.”

मंदार म्हणाला.

मी मंदारपेक्षा चांगली चार बोटं उंच होते. पण तो वर होता आणि मी खाली. मग काय, झालं वाक्य खरं.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील. नाशिकच्या गंगापूर रोडवर साहेब लोकांचे बंगले होते, त्यातल्या एका बंगल्यात माझी आई अंगण झाडायची, मागचा संडास धुवायची. मागच्या बोळातून आत, मागच्या बोळातून बाहेर. बाई बी.ए. झालेल्या. मंदार इंग्रजीत कच्चा. पुस्तकातल्या हत्ती-मुंग्यांनी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही, समोर दिसलं की शिरतं, असं बाईंचं म्हणणं. एक दिवस आईच्या मागं उभी असलेली मी त्यांना दिसले. तेव्हापासून मंदारची शिकवणी सोपी झाली.

टॉलर झालं की फेअरर. मग क्लीनर. आधी मंदार, मग दॅन, मग मी. माझं नाव बाईंनी कधी विचारलं नाही. त्यांना लागतच नव्हतं.

मला कुणी ओढून नेत नव्हतं. हे आधीच सांगते, नाहीतर सगळं पाप बाईंच्या पदरात टाकून मी मोकळी व्हायची. आमच्या म्युनिसिपालटीच्या शाळेत गुरुजी इंग्रजीच्या तासाला डुलक्या काढायचे. इथं एक बी.ए. झालेली बाई रोज संध्याकाळी स्वच्छ उच्चारांत इंग्रजी बोलायची, आणि ते मला फुकट ऐकायला मिळायचं. मी हावरटासारखी ऐकायचे. वस्तीकडं परतताना वाटभर पुटपुटायचे. टॉल, टॉलर. फेअर, फेअरर. आपल्यावर काय बोललं जातंय याच्यापेक्षा ते बोलतात कसं, याचीच मला भूल पडली होती.

एकदा नळावर पाय घासून धुतले आणि गेले. चांगलं दिसावं म्हणून. बाईंनी पाहिलं आणि हसल्या. खवचट नाही, अगदी मायेनं हसल्या.

“अगं बाई, आज पाय धुवून आलीस होय? मग ‘डर्टियर’चं वाक्य आम्ही कसं करायचं? जा, वाफ्यातून एक चक्कर मारून ये.”

गुलाबांना नुकतंच पाणी सोडलं होतं. मी गेले. चिखलात पाय नीट रुतवले, बोटांच्या बेचक्यांतही चिखल जाईल असे. वाक्य बिघडायला नको ना. मग येऊन पायरीवर उभी राहिले. आज तो चिखल आठवला की बाईंचा राग नंतर येतो. आधी स्वतःची किळस येते.

आणि मग तो दिवस.

“आता आयांवर एक कर,” बाई मंदारला म्हणाल्या.

मंदार अडखळला. “युवर मदर इज… मोअर डर्टी… डर्टी दॅन…” बाईंच्या कपाळावर आठी पडली. मला राहवलं नाही. उत्तर येत असलेल्या पोराला कुठं राहवतं? मी खालून मोठ्यानं म्हणाले,

“माय मदर इज डर्टियर दॅन हिज मदर.”

बाईंनी चक्क टाळी वाजवली. “शाब्बास! ऐकलंस मंदार? झाडणारीच्या मुलीला येतं.”

मागं आई उभी होती. हातात खराटा, पदर कमरेला खोचलेला. बाई तिला म्हणाल्या, “सुंदरा, पोरगी हुशार आहे हो तुझी.” आई हसली. अशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बाईंनी द्राक्षांचा एक घड वरून माझ्या फ्रॉकच्या ओच्यात सोडला.

मला अर्थ ठाऊक होता. न कळता बोलून गेले, लहान होते, असं कुणी म्हणायला लागलं की मी त्याला तिथंच थांबवते. मला शब्द न् शब्द ठाऊक होता.

वाटेत आईनं विचारलं, “मदर म्हंजी काय गं?”

“आई.”

“म्हंजी माझ्यावर बोललीस?” तिचा चेहरा उजळला. “काय बोललीस?”

“माझी आई त्याच्या आईपेक्षा चांगली.”

आई थबकली. “आन बाई रागावल्या नाय?”

“नाही.”

“लय मोठ्या मनाची हाय बाई.”

दुसऱ्या दिवसापासून आईनं बंगल्याची मागची मोरीही घासायला घेतली. कुणी सांगितली नव्हती. मोठ्या मनाची परतफेड.

द्राक्षं मी खाल्ली. गोड होती.

पुढं आईनं ते वाक्य पाठ केलं. निरक्षर बाई, पण तिचं पाठांतर पक्कं. नळावर बायकांना म्हणून दाखवायची. कुणी पाहुणा आला की मला पुढं ढकलायची, आणि मी आढेवेढे घेतले की स्वतःच म्हणायची. भाकरी थापताना थापेच्या तालावर म्हणायची. माय मदर इज डर्टियर. थाप. दॅन हिज मदर. थाप. मी कोपऱ्यात पुस्तक डोळ्यांपुढं धरून बसायचे. सांगावं तर तिचं हसू जाणार, न सांगावं तर ती तीच शिवी स्वतःला देत राहणार. मी गप्प राहिले. गप्प राहायला काही लागत नाही, म्हणून बरेच दिवस राहिले.

जयंती जवळ आली. विहारापुढं मांडव पडायचा होता, पोरांची भाषणं व्हायची होती. वस्तीतले वामनकाका नावं लिहून घ्यायला दारात आले. काका ओझरच्या विमान कारखान्यात कामाला होते. मशीनवरचं इंग्रजी वाचायचे, साहेबाशी दोन वाक्यं बोलायचे.

“हिचं नाव आधी लिव्हा, भाऊजी,” आई चुलीपुढून म्हणाली. “विंग्रजी बोलती माझी पोर. माझ्यावर बोलती. ऐका.” आणि तिनं ते म्हणून दाखवलं. एकही शब्द न चुकता.

काकांची पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शेणानं सारवलेल्या जमिनीकडं पाहत होते.

“वहिनी, पोरीला विचारून लिहितो,” ते म्हणाले. दारातून निघताना मला हळूच म्हणाले, “मी नाही सांगणार. ज्यानं म्हटलं त्यानंच सांगावं.”

ते गेले आणि मी सांगितलं. एका दमात. वाक्य सांगितलं, पायरी सांगितली, वाफ्यातला चिखल सांगितला. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

“बाईला ठावं व्हतं?”

“हो.”

“आन तुला?”

“हो.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. चांगली फुगली होती. ती माझ्या ताटात टाकून म्हणाली, “उद्या तू बी चल. पाय धुऊन.”

एक चापट मारली असती तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आई मागच्या बोळातून गेली नाही. पुढच्या फाटकातून गेली. मी तिच्या मागं. आईनं नेहमीसारखा खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागली. मला काही म्हणाली नाही. बाईंनी हाक मारली, “ये गं.”

मी गेले. खालच्या पायरीवर पाय ठेवला. तिथं थांबायची सवय पायांना इतकी होती की ते उचलेनात. मग उचलले. वर चढले. व्हरांड्याच्या गार फरशीवर मंदारच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“अगं, वर कुठं? खाली.”

“आय अ‍ॅम टॉलर दॅन मंदार.” माझा आवाज चिरकला होता, पण वाक्य बरोबर होतं.

मंदारनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. “आहे गं, आई,” तो म्हणाला. त्याला काही वाईटही वाटलं नाही.

बाईंना वाटलं. “सुंदरा! आधी पोरीला खाली उतरव.”

आईचं झाडणं थांबलं. “बाईसाहेब, ती हाय तेवढीच हाय. खाली तुम्ही उभी केली व्हती.” तिनं खराटा भिंतीला टेकवला. “आन म्या काय हाय ते बी तुम्ही तिच्याकून बोलून घेतलं. मोरी म्या घासायची, घाण म्याच. चल गं.”

काम सुटलं. मी जिंकले वगैरे काही नव्हते. आई पुढं चालत होती आणि मी मागं. रोज माझा हात धरून रस्ता ओलांडणारी आई, त्या दिवशी एकटीच ओलांडून गेली.

पुढं ती विटा वाहायला लागली. इंदिरानगरकडं घरं उठायला लागली तेव्हा तिथंही तिनं पाट्या वाहिल्या. त्या पाट्यांवर माझं शिक्षण झालं. मॅट्रिकला इंग्रजीत वस्तीत पहिली आले. बायका आईला म्हणाल्या, पोरगी काय लिहून आली गं? आई म्हणाली, “तिला ईचारा. मला त्यातलं काय कळतंय?” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते. तिनं माझ्या तोंडच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ मला पुन्हा कधीही विचारला नाही.

आणि मी झाले इंग्रजीचीच शिक्षिका. ऐंशीनंतर बी.एड.ला होते तेव्हा सरावपाठाला माझ्या वाट्याला नेमका हाच ‘दॅन’चा धडा आला. निरीक्षक सर म्हणाले, “दोन मुली उभ्या करा. एक गोरी, एक काळी. पाठ जिवंत होतो.”

“माणसं उभी करणार नाही, सर.”

“का?”

“मी उभी राहिलेय.”

मी फळ्यावर एक दार काढलं आणि एक खिडकी. द विंडो इज स्मॉलर दॅन द डोअर. सरांनी शेरा मारला, पाठ निर्जीव. मारू दे. खिडकीला आई नसते.

आता रोज शिकवते. माझ्या वर्गात कुणी कुणाच्या शेजारी मापाला उभं राहत नाही. मी आईची माफी मागितलेली नाही. मागितली तर ती देईल, आणि दिली की मी सुटेन. मला सुटायचं नाही. त्याऐवजी रोज संध्याकाळी तिच्यापुढं बसते आणि दिवसभरात वर्गात जे बोलले त्याचा अर्थ तिला सांगते. ती विचारत नाही. तांदूळ निवडत राहते. मी सांगतेच. ज्या वाक्याचा खरा अर्थ तिच्या तोंडावर सांगता येणार नाही, ते वाक्य मी आता बोलत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या तरी नाही.