चव उत्तम

पोरांना खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकाने ती चाखायची आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा, असा नियम आहे. मानोरा गावाजवळच्या आमच्या शाळेत हा नियम एकटे इंगोले सर पाळायचे. पाळी कोणाचीही असो, हे आपले वाटी घेऊन चुलीपाशी हजर. आम्ही बाकीचे हुशार. सोमवारीच आठवड्याचं 'चव उत्तम' लिहून मोकळे व्हायचो. चूल पेटायच्या आधी चव कळणारी जीभ काय सगळ्यांना असते?

सर इंग्रजी शिकवायचे. 'ड्युटी' शब्द आला की त्यांचा तास संपत नसे. आमच्याकडे ड्युटी निवडणुकीची लागते, कंडक्टरची सुटते, ओळख असली तर रद्दही होते. सरांचं म्हणणं वेगळं. "पोरंहो, ड्युटी आली 'ड्यू'वरून. दुसऱ्याचं आपल्यापाशी राहून गेलं, ते ड्यू. ते ज्याचं त्याले देल्लं का झाली ड्युटी. सही करून नाई होत."

शेवटचं वाक्य ते व्हरांड्याकडे बघून म्हणायचे. व्हरांड्यात मी असायचो. मनात म्हणायचो, झालं यांचं सुरू!

एका गुरुवारी पाळी माझी होती. शेरा सोमवारीच लिहिलेला, त्यामुळे मी निवांत चहा पीत होतो. पोरं ताटं घेऊन बसली होती. तेवढ्यात सर ओरडले, "थांबा रे! कोनी हात नोका लावू!" धान्याच्या खोलीत कोणीतरी ठेवलेला फवारणीच्या औषधाचा डबा फुटून तांदळाच्या पोत्यात झिरपला होता. पहिला घास सरांनी गिळला होता, दुसरा थुंकला. पोरं वाचली. सर तासाभरात मानोऱ्याच्या दवाखान्यात, हाताला सलाईन.

मी धावत गेलो. सरांची काळजी होतीच, खोटं कशाला बोलू, पण रजिस्टरची जास्त होती. चौकशीला साहेब येणार होते.

"सर, साहेबांना काय सांगू?"

सरांनी डोळे उघडले. "तुमी काय खाल्लं, ते सांगा."

मी काहीच खाल्लं नव्हतं. तसंच लिहून दिलं. नोटीस मिळाली, चारचौघांत शोभा झाली. सर त्यावर आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची.

या वर्षी ते रिटायर झाले. निरोपाला मी जोरदार भाषण ठोकलं. कर्तव्यनिष्ठा, त्याग, समर्पण, एकही शब्द शिल्लक ठेवला नाही. मी डोळे पुसायला थांबलो, तेव्हा सरांनी माझी बाही ओढली.

"सर, भाषन राहू द्या. एक वाजला. पोरं ताटं घेऊन बसून राह्यले. पाळी कोनाची हाय?"

पाळी माझी होती. मी माईक तिथेच टाकून स्वयंपाकघराकडे पळालो.

मीठ कमी होतं. तसंच लिहिलं.