सात नंबरचा पास

जेवण झालं की घाडगे मॅडमना डुलकी लागते. झोप नाही हं, डुलकी. उभी हयात पोलिसात काढलेली बाई कामावर झोपली असं कुणी म्हणून तर बघावं! केबिनचं दार लोटलेलं आहे, पंखा कुरकुरतोय, टेबलावरचा वॉकीटॉकी मधूनच खरखरतोय. दुपारची भेटीची वेळ व्हायला अजून अवकाश आहे. मान खुर्चीच्या पाठीवर कलते आणि डोळे मिटता मिटता त्यांना वाटतं, वॉकीटॉकीचा आवाज जरा मोठा करायला हवा होता. तेवढं करायचं राहूनच जातं.

इंदुमती घाडगे या सरकारी रुग्णालयाच्या सुरक्षाप्रमुख आहेत. इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्या, घरी बसवेना, म्हणून इथे आल्या. तेव्हा इथे नुसता बाजार होता. एकेका पेशंटमागे अख्खी भावकी, खाटेखाली स्टोव्ह, आणि कुणी दगावलं की डॉक्टरच्या अंगावर धावून जाणारी माणसं. मॅडमनी सगळं ताळ्यावर आणलं. एका पेशंटला एकच नातेवाईक, आणि त्या नातेवाइकाच्या हातात गुलाबी पास. पास असा भिकार कागदाचा की घामाने रंग सुटतो. मुठीत धरून बसणाऱ्याचा तळवा गुलाबी होतो आणि साबणाने घासला तरी लवकर जात नाही. पास हरवला म्हणून कुणी रडत आलं तर गार्ड म्हणतात, "हात दाखव." तळवा गुलाबी दिसला की आत सोडतात. ही पद्धत गार्डांनी आपली आपणच पाडली, मॅडमनी फक्त नको म्हटलं नाही.

दुसरी पद्धत मात्र मॅडमचीच. वॉर्डात कुणी गेलं की सिस्टर नातेवाइकांना लगेच सांगत नाही. आधी वॉकीटॉकीवर कळवते, "अमुक नंबरला माणसं पाठवा." नातेवाईक किती आहेत त्या हिशेबाने गार्ड जातात, गुपचूप दाराशी उभे राहतात, आणि मग डॉक्टर तोंड उघडतात. गार्डांना पोचायला वेळ लागतो, तेव्हा पेशंटचं काही खरं नाही असं दिसलं की जरा आधीच कळवा, ही सूचनाही त्यांचीच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान श्रीपतराव इथेच, सात नंबर वॉर्डात, छातीच्या दुखण्याने गेले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मुलगा कुवेतला. मॅडम खाली गेटवर होत्या, कारण अपघातात एक तरणा पोरगा गेला होता आणि सगळी वस्ती दगड घेऊन आली होती. त्या गदारोळात वॉकीटॉकी बोलला, "सात नंबरला माणसं पाठवा." मॅडमनी सवयीने विचारलं, "नातेवाईक किती?" जिन्यावरच्या गार्डाने, मुलाणीने, सांगितलं, "पास एकही गेलेला नाही, मॅडम." मॅडम म्हणाल्या, "मग नकोत. सगळे गेटवर या."

पास जाणार कसा? घाडगे मॅडमकडे पास मागायची छाती कुणाची? सात नंबरमध्ये त्या दिवशी चांगल्या पंचवीस-तीस खाटा भरलेल्या होत्या, पण बाकी सगळ्यांचे नातेवाईक गर्दीच्या धास्तीने खाली बाहेर काढलेले होते. गेटवर एकाही डॉक्टरला ओरखडा उठला नाही, वरून शाबासकीही आली. पण सिस्टरने तेव्हा कळवलं ते जीव जायच्या आधी की नंतर, हे मॅडमनी आजतागायत विचारलेलं नाही. आधी असेल तर सिस्टरच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून 'मग नकोत' हा शब्द श्रीपतरावांच्या कानावर गेला असणार. नंतर असेल तर सुटले. एवढ्या एका गोष्टीने बाईंना पोखरून टाकलंय, आणि सात नंबरची पायरी त्या तेव्हापासून चढलेल्या नाहीत.

वॉकीटॉकी खरखरतो.

"मॅडम, सात नंबरचे पेशंट वाट बघतायत."

असं वॉकीटॉकीवर कुणी बोलतं का कधी? पण मॅडम उठलेल्या आहेत, जिन्यावर आहेत, आणि सरकतं लोखंडी गेट बंद आहे. पलीकडे मुलाणी.

"पास, ताई?"

ताई! या मुलाणीने जन्मात त्यांना ताई म्हटलेलं नाही.

"अरे मुलाणी, मी आहे."

"होय ताई. पास?"

"डोळे फुटले का तुझे? सुरक्षाप्रमुख आहे मी!"

"असाल की. हात दाखवा."

मॅडम गजातून हात पुढे करतात. मुलाणी वाकून तळवा बघतो आणि मान हलवतो. "कोरा आहे ताई. नातेवाईक नाही तुम्ही." आवाज चढवत नाही, नजर हलवत नाही, गेट सोडत नाही. अगदी त्यांनी शिकवलं तस्सा. मॅडमना संताप येतो आणि, खोटं कशाला बोला, जरासा अभिमानही वाटतो.

"लवकर जायला हवं रे मला. सिस्टर कळवायच्या आत जायला हवं."

गेटचे गज डेपोचे झालेले असतात. उन्हात डिझेलचा वास आहे आणि लाल गाडी घरघरत उभी आहे. स्टिअरिंगवर श्रीपतराव, खाकी कपड्यात, मिशी काळी.

"चढ," ते म्हणतात. "साहेबांना तिकीट नाही."

घरात दोघांच्या खाक्या एकाच दोरीवर वाळायच्या. त्यावरून ते आयुष्यभर बायकोला साहेब म्हणून चिडवत आले. मॅडम चढतात. गाडीत सीटच्या जागी खाटा आहेत, सलाइनच्या बाटल्या हेलकावे खातायत, आणि श्रीपतराव शेवटच्या खाटेवर पडलेले आहेत. मिशी पांढरी. नाकाला नळी.

"बस की जरा."

"बसलेच आहे अहो."

"कुठं? उभीच आहेस."

मॅडम खाली बघतात. खरंच उभ्या आहेत. ते आजारी असताना अशाच यायच्या, राउंडला, खाटेच्या पायथ्याशी. ते म्हणायचे, बस की जरा. त्या म्हणायच्या, आले हं, खाली बघून येते.

त्या खाटेखालचं स्टूल ओढतात. त्याचा पाट होतो. श्रीपतराव त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसपाशी पाठमोरे उभे आहेत आणि आलं ठेचतायत. बंदोबस्तावरून ही आली की चहा त्यांचाच असायचा.

"अहो."

"हं."

"शेवटी तुम्हाला... त्रास झाला का फार?"

"धाप लागली होती. तुझी वाट बघितली." ते चहा गाळतात. "मग कंटाळा आला."

"गेटवर माणसं आली होती. दगड होते त्यांच्या हातात. मी नसते तर डॉक्टर पोरींना मारलं असतं त्यांनी."

"माहीत आहे की. आवाज येत होता वर."

"गर्दीचा?"

"तुझा. सिस्टर उशाशी उभी होती ना, तिच्या कमरेला तो डबा. त्यातनं. मला बरं वाटलं. म्हटलं, जवळच आहे, येईल."

विचारायचं नसतं, पण विचारायलाच तर त्या एवढे जिने चढून आलेल्या असतात. "काय ऐकलंत तुम्ही?"

श्रीपतराव कप पुढे करतात. उत्तर वॉकीटॉकी देतो. तो ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी आहे.

"सात नंबरला माणसं पाठवा."

मॅडम झडप घालतात, बटण दाबतात. एक आहे! नातेवाईक एक आहे, मी इथेच बसलेय, त्यांची बायको! ओरडून ओरडून घसा फुटतो, पण डब्यातून येतो तो त्यांचा दुसराच आवाज, करडा, घाईतला.

"नातेवाईक किती?"

"पास एकही गेलेला नाही, मॅडम."

मॅडम दोन्ही हातांनी श्रीपतरावांचे कान झाकतात. ओटा नाही, गॅस नाही. खाट आहे आणि नळी आहे. कान थंड आहेत.

"मग नकोत. सगळे गेटवर या."

"झाकतेस कशाला?" श्रीपतराव म्हणतात. रागाने नाही. राग असता तर बाईंना सोसला असता. "ऐकू दे की. शेवटचा तोच तर आवाज आहे तुझा."

"म्हणजे ऐकलंत."

"कान होते ना अजून."

मॅडम रडतात. वर्दीत कधी रडल्या नव्हत्या, आता हमसून रडतात. "मला ठाऊक नव्हतं हो. तुम्हीच आहात हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"नसेल आलं," ते म्हणतात. "ड्युटीवर होतीस." आणि चाचपडत, आपल्या ओल्या मुठीतला कागद त्यांच्या मुठीत देतात. "पास घेतला असतास इंदू, तर बसता तरी आलं असतं."

"अहो, थांबा. बसते ना. आता बसते."

दाराशी बूट वाजतात. मुलाणी आणि आणखी दोघे येऊन गुपचूप उभे राहतात. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली ते मॅडमना ठाऊक आहे.

"मॅडम?"

पंखा कुरकुरतोय. केबिनच्या दारात मुलाणी उभा आहे, खराखुरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. "भेटीची वेळ झाली, मॅडम. गेट उघडू का?"

"उघड," मॅडम म्हणतात. आवाज घोगरा येतो. चष्मा शोधायला त्या उजवा हात उचलायला जातात आणि तो टेबलावर तसाच उताणा राहतो.

तळवा गुलाबी आहे. बोटांच्या पेरांपर्यंत. त्या रुमालाने पुसतात, थुंकी लावून घासतात. रंग जात नाही. मुठीत कागद नाही, टेबलावर नाही, खाली फरशीवर नाही.

मुलाणीची नजर त्या हातावर पडते. इतक्या नातेवाइकांना वाट दिलेला माणूस, सवयीनेच दारातून बाजूला सरकतो.

"जाऊ कुणाकडे, मुलाणी?" त्या म्हणतात.