भिजलेल्या ज्वारीची जप्ती

तमाम संबंधितांस कळवण्यात येते, की एका उन्हाळ्यात आमच्या चाळीतल्या तीन पिंपांपासून देशाला धोका निर्माण झाला होता.

पिंपांत ज्वारी होती. तीन दिवस भिजून आंबलेली, नाकाला झोंबणारी. सुरतेत मिलमध्ये राबणारी आमची खानदेशी चाळ दर उन्हाळ्यात वर्षाच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची, आणि पाच घरांची ज्वारी शेजारच्या मावशींकडेच भिजायची. त्या दिवशी ती दळून शिजवली नाही, तर पाचही घरांची ज्वारी सडणार होती.

तो धान्यटंचाईचा काळ. घरात किती धान्य ठेवायचं हे सरकार ठरवायचं. कोणीतरी चहाडी केली आणि पुरवठा खात्याचे साहेब शिपायासह थेट मावशींच्या स्वयंपाकघरात. बूटही काढले नाहीत! मावशींचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी पिंपं उचलून न्यायला सांगितली. शिपायानं एकात डोकावलं आणि धोतराचा सोगा नाकाला लावला.

एवढ्यात माझे वडील आले. मिलच्या कचेरीतले कारकून, त्यामुळे कागदाशिवाय त्यांना देवही मान्य नव्हता. त्यांनी नमस्कार केला, खुर्ची दिली आणि घरात शिरण्याचा लेखी हुकूम मागितला. साहेब म्हणाले, तो कचेरीत आहे. वडील म्हणाले, मग जप्तीची पावती कोण देणार? पंच कुठेत? आणि वजनात पाणीही धरणार का? साहेबांनी आवाज चढवला. वडिलांनी उतरवला.

"साहेब, तुम्ही सरकार आहात हे कबूल. पण सरकारलासुद्धा दारावर थांबून विचारावं लागतं."

मोठ्या माणसाला असं बोलता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. साहेबांनी टोपी घातली. मावशींनी पिंपांवर झाकणं ठेवली, शेजारणी जात्याकडे वळल्या. आता फक्त साहेबांनी जिना उतरायचा होता.

पण पहिल्याच पायरीवर ते वळले आणि जाता जाता त्यांनी हिणवलं, की पाच घरांत मिळून एवढंच धान्य, म्हणजे तुमच्या गावाकडे काही पिकतच नाही वाटतं.

हे मात्र मावशींना सहन होईना. वडील हातानं गप्प राहायची खूण करत असतानाच त्या कडाडल्या,

"काय बोलता साहेब! तीन पोती तर नुसती माळ्यावर पडली आहेत!"