एकशे अठ्ठावीसचा आकडा

सुधाकर भाऊजी गेले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

आज वर्ष झालं. घरात कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लातूरला नोकरी, खोली करून एकटेच राहायचे. दर शनिवारी लोह्यावरून येणाऱ्या बसनं नांदेडला आमच्याकडं.
पिशवीत कपडे कमी, वायरी जास्त.

मी रोज पूजेआधी वर जाऊन टाकीत किती पाणी आहे ते बघायची.

"वहिनी, वाकून बघता बघता एक दिवस टाकीतच जाताल. थांबा, स्वयंपाकघरात काटा लावून देतो."
"काटा कशाला? आकडा दाखवा की."
"आकड्याला चष्मा शोधावा लागतो. काटा पोळ्या लाटता लाटता दिसतो."

काम असं होतं. वरच्या सेन्सरकडून एकाच तारेतून शून्य आणि एक असे एकामागून एक खाली येणार. आठ जमले की त्यांचा एक आकडा, शून्य ते दोनशे पंचावन्न. मग शिडीसारख्या जोडलेल्या रेझिस्टरांतून त्या आकड्याचं व्होल्टेज होणार. आकडा मोठा तेवढे व्होल्ट जास्त, आणि जुन्या स्टॅबिलायझरचा काटा तेवढा पुढं.

रेझिस्टर ते नवे आणणार होते. मीच म्हटलं, बंद रेडिओत पडलेत की, ते काढा.
हसले. "तुमच्या घरात काडीपण रिटायर होत न्हाई!"

सगळं जोडल्यावर प्रत्येक आकड्याला किती व्होल्ट येतात ते लिहून काढायचं होतं. रविवारी सकाळी बसलो. ते बटण दाबायचे, एकेक आकडा वाढायचा. मी मीटर बघून जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायची.

एकशे सत्तावीसला आले २.४८.
एकशे अठ्ठावीसला २.४१.

"वहिनी, तुम्ही नीट बघून नाही राहिलात. आकडा वाढला, व्होल्ट कमी कसे होतील?"
"मला काय माहीत? मीटर म्हणतंय ते लिहिलं."
"अडीच पाहिजेत. अडीच लिहा, पुढं चला."
"दिसलं नाही ते मी लिहिणार नाही."
"दहावीवर एवढंच येणार!"

बोलून गेले. पेपर वाचत बसलेल्या ह्यांनीसुद्धा मान वर केली.
मी पेन ठेवला न् उठले.

संध्याकाळी भाऊजी दारात पिशवी घेऊन उभे.
"येतो, वहिनी."
मी देवापुढं वात लावत होते. ऐकू आलं होतं. "या" म्हटलं नाही.
थोडं थांबले.
"येतो, वहिनी."
मग फाटक वाजलं.

बुधवारी सकाळी लातूरहून घरमालकाचा फोन आला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

सामान एका खोक्यात आलं. वर्षभर कपाटावर होतं, मी हात लावला नाही.
देवाला रोज एकच विचारायची. मनात राग घेऊन गेले का हो?

काल हे म्हणाले, "उद्या वर्षश्राद्ध. उघड आता ते खोकं."

सर्किट होतं, मीटर होता, आणि माझी वही. ती त्यांनी सोबत नेली हे मला माहीतच नव्हतं.

माझा २.४१ तसाच. त्याच्याखाली त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनं:

"वहिनींचं बरोबर. रेडिओतला एक रेझिस्टर बाद. नवा लावला. तसंच राहिलं असतं तर टाकी निम्मी भरली की काटा मागं आला असता. शनिवारी आधी पाया पडणे, मग बाकी. रीडिंग वहिनीच घेतील."

पुढं जागा कोरी सोडली होती.

आज पूजा झाल्यावर सर्किटला मोबाइलचा चार्जर लावला. सुरुवात शून्यापासून.
बटण एकशे सत्तावीस वेळा दाबलं. एक माळ न् वर एकोणीस. बोटांना सवय आहे.
२.४८.

अजून एकदा दाबलं. मीटर दिसेना. चष्मा काढून पदरानं पुसला.
२.५०.

कोऱ्या जागेत पेनानं लिहिलं.

तो रेडिओ माझा होता, भाऊजी. ती चूक माझी. दोनशे पंचावन्नपर्यंतचे बाकीचे मीच लिहीन, काटा लागेल.

देव तुम्हाला त्याच्या पायाशी ठेवो.

तुम्ही दोनदा म्हणालात, "येतो, वहिनी."

या, भाऊजी.