दुसऱ्या कॅसेटबद्दल लोक काय म्हणाले

आमच्या ह्यांच्या गाण्याच्या पार्टीची पहिली कॅसेट मी लग्नाआधीच ऐकली होती. खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतबहिणीच्या हळदीला ती लावली होती. ती पेटी वाजवणाऱ्या माणसाशी वर्षभरात आपलं लग्न ठरेल, असं तेव्हा मनातही नव्हतं. पेटी म्हणजे भात्याची नव्हे, विजेवर चालणारी, बटण दाबलं की सनई, बासरी, व्हायोलिन असे वेगवेगळे आवाज काढणारी. कीबोर्ड हा शब्द आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. त्या कॅसेटमध्ये ढोलकी पुढे होती आणि पेटी तिच्या मागून चालायची. हळदीला आलेल्या बायका गाणं संपलं की कॅसेट उलटी फिरवून तेच गाणं पुन्हा लावायला सांगत होत्या.

लग्न होऊन मी कर्जतजवळच्या दहिवलीला आले तेव्हा ऐंशी साल मागे पडलं होतं. हे खोपोलीला लोखंडी पिंपं बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. प्रेसखात्यात. पत्रा मशीनखाली सरकवायचा, वरून ठोका पडायचा, पुढचा पत्रा. आठ तास तेच. एकदा कारखान्याच्या पूजेला मी आत गेले होते. मशीन बंद असतानासुद्धा तिथली माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत होती. मला वाटलं, सवय आहे.

पाळी सुटली की खोपोलीच्या गाडीनं कर्जतला यायचं, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पेटी मांडून बसायचं. प्रेसखात्यातलाच एक मित्र पार्टीत होता. तो ठेक्याचं मशीन, म्हणजे बटण दाबलं की आपोआप ताल धरणारं, चालवायचा. गाणारी बाई कर्जतची होती. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी ह्यांनी ढोलकीवाल्याला सांगितलं, या खेपेला सगळं मशीनवर करायचं. ढोलकीवाला रागावला नाही, पण नंतर तो आमच्या घरी फारसा आला नाही.

दुसरी कॅसेट म्हणजे ह्यांचा जीव होता. पहिलीतल्या चाली इकडून तिकडून जमवलेल्या होत्या, दुसरीतली सगळी गाणी ह्यांची स्वतःची. त्यात एक गाणं बायको माहेरी गेल्यावर घरात एकटा भात शिजवणाऱ्या माणसाचं होतं. ते माझ्यावरच होतं. मी पहिल्या पंचमीला माहेरी गेले तेव्हा ह्यांनी भात खरोखरच करपवला होता.

रेकॉर्डिंगला मीही कल्याणला गेले होते. काचेपलीकडे गाणारी बाई उभी, अलीकडे रेकॉर्डिंगवाला आणि त्याच्या शेजारी हे. समोर बटणांची मोठी पाटी. ज्याचा आवाज वाढवायचा त्याचं बटण वर सरकवायचं.

"शब्द मागं पडतायत. वरचा आवाज वाढवा," हे म्हणाले.

रेकॉर्डिंगवाल्यानं वाढवला.

"अजून थोडा."

"साहेब, चिरका होतोय."

"नाय हो. आता कुठं मोकळा होतोय. अजून थोडा करा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला काय कळणार त्यातलं? त्या बंद खोलीत माझे कान दुखत होते, पण मला वाटलं, नवीन तऱ्हेचं संगीत असंच असेल. ठेक्याचं मशीन सांभाळणारा मित्रही मान हलवत म्हणाला, "मस्त. आता एकेक अक्षर सुटं ऐकायला येतंय." मग रेकॉर्डिंगवाल्यानं सांगितलं तसं केलं.

लग्नसराईच्या तोंडावर कॅसेटी आल्या. कर्जत स्टेशनबाहेरच्या दुकानदारानं पहिलीच्या भरवशावर दुसरीचा अख्खा खोका मागवून घेतला. पहिला आठवडा बरा गेला. मग लोक कॅसेट परत आणायला लागले.

हे रोज गाडीतून उतरले की दुकानात डोकावायचे. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणायचा, "गाणी चांगली आहेत हो. चाली पण चांगल्या आहेत. पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे त्याला नीट काही सांगता यायचं नाही. कुणी म्हणालं दात शिवशिवतात. कुणी म्हणालं कानात डास शिरल्यासारखं होतं. नेरळच्या एका टेंपोवाल्यानं सांगितलं की ही लावली की डोकं चढतं, घाटात नको वाटतं. शाळेतल्या मुली दुकानासमोर उभ्या राहून कानात बोटं घालून हसल्या, तेही ह्यांच्या समोरच.

हे घरी येऊन मला विचारायचे, "चाल आवडली नाय म्हणायचं का? का शब्द?"

"चाल चांगली आहे, असंच सगळे म्हणतात ना."

"मग नडतंय कुठं?"

मी सांगायचे, आवाज थोडा बारीक लागतो. ते टेप लावायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "कुठं बारीक हाय?" मी दाखवायचे, हा इथे. ते पुन्हा ऐकायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. मला वाटायचं, मन दुखावलंय म्हणून कबूल करत नाहीत.

मे महिन्यात कडाव गावी ह्यांच्या मामाकडे हळद होती. मामांनी कौतुकानं भाच्याची नवी कॅसेट कर्ण्यावर लावली. मांडवात दोनेकशे माणूस. दुसरं गाणं सुरू होईपर्यंत तान्ही पोरं रडायला लागली. बायका पदर कानावर घेऊन बसल्या. नवरीच्या एका काकांनी शांतपणे उठून टेप बंद केला, खिशातून पहिली कॅसेट काढून लावली आणि ढोलकी सुरू झाल्याबरोबर सगळा मांडव नाचायला उभा राहिला. काका ह्यांच्याजवळ येऊन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको रं. ही पण तुझीच हाय ना?"

"माझीच," हे म्हणाले आणि हसले. मी बायकांच्या घोळक्यात होते. मला तिथून उठून त्यांच्याजवळ जाताही येईना.

पण सगळ्यांनाच कॅसेट नावडली असं नव्हतं, आणि तेच कोडं होतं. प्रेसखात्यातल्या लोकांनी ती डोक्यावर घेतली. जेवणाच्या सुट्टीत रोज तीच लागायची. आणि माझे सासरे. पहिली कॅसेट त्यांना कधी आवडली नव्हती, नुसता धांगडधिंगा म्हणायचे. दुसरी मात्र त्यांनी ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि ह्यांना म्हणाले, "आता कसं गाणं झालं. शब्दन् शब्द कळतोय बघ. भात करपल्याचं तर फारच गोड हाय." ह्यांचे डोळे भरून आले. बापानं मुलाच्या गाण्याला चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

"म्हाताऱ्याला कळतंय, खात्यातल्या पोरांना कळतंय," हे मला म्हणायचे. "बाकीच्यांचे कान अजून तयार नायत."

मग एका रविवारी तो घड्याळाचा प्रकार झाला.

ठेक्याच्या मशीनवाला मित्र दुपारी घरी आला. त्यानं मुंबईहून आकड्यांचं घड्याळ आणलं होतं, काटे नसलेलं. तसली घड्याळं तेव्हा नवीनच होती. ठरावीक वेळेला त्यात शीळ वाजते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तो कावला होता. "फसवलं रं. घंटीची खूण दिसते आकड्यांशेजारी, पण घंटी काय वाजत नाय. परत द्यायला गेलो तर तो मलाच हसतो."

ह्यांनी घड्याळ हातात घेतलं, बटणं दाबली, कानाशी धरलं. "नाय वाजत. आत काहीतरी तुटलं असंल."

सासऱ्यांनीही घेऊन पाहिलं. "मुकं हाय," म्हणाले.

मी चहा घेऊन बाहेर आले तर घड्याळ सासऱ्यांच्या तळहातावर टीटी टीटी वाजत होतं. चांगलं खणखणीत. मी म्हटलं, "झालं की दुरुस्त."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय दुरुस्त झालं?" ह्यांनी विचारलं.

"घड्याळ. वाजतंय ना."

मित्र हसला. "वहिनी पण आता मस्करी करायला लागल्या." त्यानं घड्याळ उचलून कानाला लावलं आणि मान हलवली. मग ह्यांनी लावलं. ते वाजतच होतं.

आत सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं. त्या आतून म्हणाल्या, "अगं, काय वाजतंय ते कवापासून? बंद कर की."

ह्यांनी घड्याळ एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेलं. मग दाबून धरलं, इतकं की कानाची पाळी लाल झाली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं, "आता? आता वाजतंय?"

"वाजतंय."

"आणि आता?"

तेवढ्यात ते थांबलं. मी म्हटलं, "आता थांबलं." त्यांनी घड्याळ मित्राच्या हातात दिलं. मित्र चहा न घेताच निघाला. सासरे म्हणाले, "माझं वय झालंय, माझं सोडा. पण तुमी दोघं..."

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांनी ह्यांना एका छोट्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेतून बघत होते. सुरुवातीला बोट वर जात होतं. मग डॉक्टर बटण फिरवत राहिले आणि हे बोट मांडीवर ठेवून, शहाण्या विद्यार्थ्यासारखे, वाट बघत बसून राहिले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानाच्या आतली नस आधी वरच्या, बारीक सुरांना दगा देते. खालचे सूर ऐकू येतात म्हणून माणसाला आपलं काही गेलंय हे कळतच नाही. म्हाताऱ्या माणसांचंही तसंच होतं.

"औषध?" मी विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायचं असेल तर ते खातं सोडा."

परतताना आम्ही कल्याणच्या फलाटावर बाकावर बसलो होतो. ह्यांनी विचारलं, "कॅसेटमध्ये काय हाय गं असं? तू सांग. मला जे कळत नाय ते तू सांग."

मी प्रयत्न केला. म्हटलं, परातीवर सळई ओढली की जसं होतं तसं. म्हटलं, जात्याचा खुंटा करकरतो तसं, पण त्याहून बारीक. सांगता सांगता माझं मलाच कळेना. ज्याला ते ऐकूच येत नाही त्याला सांगायचं तरी कशाच्या आधारानं?

"कुठल्या गाण्यात?"

"सगळ्याच."

"भाताच्या गाण्यात पण?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतक्या लोकांनी इतकं सांगूनही जे त्यांना पटलं नव्हतं, ते आता डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून पटवलं होतं. त्यात मी खोटं बोलून काय उपयोग.

खातं सोडायचं म्हणजे नोकरी सोडायची. दुसऱ्या खात्यात जागा नव्हती. ह्यांनी फोरमनला सांगितलं, तर त्यानं कानात कापसाचे बोळे घालायला सांगितलं. खात्यातल्या लोकांना ह्यांनी एकेकाला गाठून कान तपासून घ्या म्हणून विनवलं. "आम्हाला ऐकू येतंय की," ते म्हणाले, आणि ते तरी काय चुकीचं म्हणत होते? एकटा तो मित्र गेला. त्याचा निकाल ह्यांच्याहून वाईट होता. त्यानंही नोकरी सोडली नाही.

काही दिवस आम्ही एक करून बघितलं. हे पेटी मांडायचे, मी समोर बसायचे. ते बटण वर सरकवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मी कपाळाला आठी घातली की बटण खाली. खरं म्हणजे जमत होतं. पण एका संध्याकाळी त्यांनी मधेच हात काढून घेतला.

"काय झालं?" मी विचारलं. "चांगलं येत होतं."

"तू सांगतेस म्हणून चांगलं," ते म्हणाले. "मला काय ठाऊक?" आणि पेटीवर फडकं टाकलं. मी खूप समजावलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच फडकं काढून ठेवलं. पण ते पुन्हा बसले नाहीत. पार्टीनं दुसरा वाजवणारा बघितला. ढोलकी परत आली.

दुकानदारानं उरलेल्या कॅसेटी घरी आणून दिल्या. त्यातली एक सासऱ्यांनी ठेवून घेतली. जेवण झालं की ते ओटीवर ती लावायचे, आणि रविवार असला की हे त्यांच्या शेजारी बसायचे. दोघं माना डोलवत ऐकायचे. त्या दोघांना ते गाणं गोडच ऐकू यायचं. मी आणि सासूबाई तेवढा वेळ परसात काहीतरी काम काढायचो.

सासरे गेल्यावर ती कॅसेट लावणारं घरात कुणी उरलं नाही. हे प्रेसखात्यातच राहिले आणि पुढे त्यांना बायकांचं बारीक आवाजातलं बोलणं नीट कळेनासं झालं. पुरुषांचं कळायचं, माझं आणि आमच्या मुलीचं नाही. मग मी जाड आवाजात, सावकाश बोलायला शिकले. तो आवाज इतका अंगवळणी पडला की बदलायचं म्हटलं तरी बदलेना. माहेरी गेले की आई दारातच विचारायची, "घसा बसलाय का गं तुझा?"